पूर्वजांच्या समाधीचा माग

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी म्हणून एक गांव आहे. नांव कुंभारकीची आठवण देणारें. वस्ती दक्षिण सोलापूर तालुक्यांतील इतर गांवांसारखीच, म्हणजे मराठी व कानडी या दोन्ही भाषा सहज बोलणारी. या गांवच्या शिवारांत गेल्या वीस वर्षांत कामगारांच्या दोन मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. २००६ सालीं विडी वळणाऱ्या स्त्रियांना येथें दहा हजार घरें मिळालीं. पुढें तीस हजार घरांची रे नगर योजना आली, आणि तींतील पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें कामगारांच्या स्वाधीन झालीं. एका खेड्याच्या शिवारांत असें एक शहरच वसलें. पण त्यांतील बहुतेक कुटुंबांचे पूर्वज या मातींत नाहींत. कोणाचे तेलंगणांतील विणकरांच्या गांवीं, कोणाचे विजापूर-गुलबर्ग्याकडे, कोणाचे मराठवाड्यांत. नातवानें आजीला विचारावें, "पणजोबांची समाधी कोठें आहे?" आणि आजीनें दिशा तेवढी दाखवावी, गांवाचें नांव मात्र तिला सांगतां येऊं नये, असा प्रकार अशा घरांतून नवलाचा नाहीं.

समाधी किंवा थडगें हा शब्द ऐकतांच कित्येकांस वाटेल, कीं हिंदु घरांत मृताचें दहन होतें, अस्थि नदींत जातात, मग शोधावयाचें तें काय? परंतु सोलापूर हें या बाबतींत निराळें आहे. या भागांतील लिंगायत समाज आपल्या मृतांस जाळीत नाहीं. मृतास बसत्या स्थितींत, तळहातावर इष्टलिंग ठेवून, विभूति व बिल्वपत्रें यांसह पुरण्याची त्यांची चाल आहे. ती जागा कधीं गांवच्या रुद्रभूमींत असते, कधीं घरच्याच शेताच्या बांधावर. सोलापूरचें ग्रामदैवत जे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकांतील बसवेश्वरांचे समकालीन, त्यांचीही समाधी तळ्यांतील देवळाच्या आवारांत असून, संक्रांतीच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात ते त्यांच्याच नांवानें. मुसलमानांच्या कबरी, ख्रिस्ती लोकांचीं थडगीं आणि गोसाव्यांच्या समाध्या यांची भर घातली, म्हणजे "आमचा मूळपुरुष या ठिकाणीं निजला आहे" असें बोट दाखवून सांगूं शकणारीं घरें या जिल्ह्यांत किती असावींत याची कल्पना येईल.

अडचण आहे ती निराळी. राजाच्या वा साधूच्या समाधीवर लेख असतो; शेतकऱ्याच्या समाधीवर एखादा घडीव दगड, फार तर त्यावर कोरलेलें लिंग किंवा नंदी. नांव दगडावर नसतें, घरच्यांच्या तोंडीं असतें, आणि तोंडचें नांव तीन पिढ्यांच्या पलीकडे क्वचितच जातें. ज्यांच्या घरीं श्राद्धविधि होतो तेथेंही बाप, आजा व पणजा या तिघांचाच उच्चार होतो. चौथ्या पुरुषापासून पुढची आठवण घराबाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी स्वाधीन केलेली असते. पूर्वजाचा माग काढणें म्हणजे हा दुसरा कोण, हें प्रथम शोधून काढणें होय.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि त्यांस लागून असलेला कर्नाटकाचा मुलूख, यांत हा दुसरा म्हणजे हेळवी. कानडींत 'हेळव' म्हणजे पांगळा. या जातीचा मूळपुरुष पांगळा होता व तो बैलावर बसून घरोघर जाई, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्या कथेचा मान राखून हेळवी पूर्वीं बैलावर बसूनच दाराशीं येई. कानडींत 'हेळु' म्हणजे सांगणें. लोकांनीं या दोन शब्दांची सांगड घातली आहे. ती व्याकरणाच्या दृष्टीनें टिकेल कीं नाहीं हा प्रश्न सोडला, तरी हेळव्याचें काम तींत बरोबर उतरलें आहे. सुगी आटोपल्यावर तो येतो, घंटा वाजवितो, आणि यजमानाच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, कुलदैवत कोणतें, मूळ गांव कोठलें, तेथून कोणत्या पिढीनें कोणत्या गांवीं बिऱ्हाड हलविलें, कोणास किती मुलगे झाले, हें सर्व अस्खलित म्हणून दाखवितो. मग नव्या पिढीचीं नांवें चोपड्यांत चढवितो, आणि धान्य, कापड, पैसा व यजमानाची ऐपत असल्यास एखादें गुरूं घेऊन पुढच्या गांवास जातो. लिंगायतांप्रमाणेंच मराठे, धनगर, रेड्डी अशा कित्येक जातींचीं घरें त्यांनीं आपसांत वांटून घेतलेलीं असतात.

हेळव्याचा चोपडा समाधीची जागा क्वचितच सांगतो; पण गांव सांगतो, आणि निम्मा शोध तेथेंच संपतो. या मुलखांत माणसें हललीं तीं बहुधा दुष्काळानें. १६३० चा दुष्काळ, १८७६-७७ चा दुष्काळ, यांनीं सोलापूरच्या भोंवतालचीं गांवेंच्या गांवें उठविलीं. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी निघाली आणि उठलेल्या माणसांपैकीं पुष्कळांना शहराची वाट सांपडली. गिरणीच्या चाळींत वाढलेल्या मुलास आपण कोठले हें ठाऊक नसे; हेळव्यास असे. तेलुगू विणकरांच्या बाबतींत हेंच काम कांहीं अंशीं त्यांचें 'इंटिपेरु', म्हणजे घरनांव, करतें. कारण तें पुष्कळदां मूळ गांवाच्या नांवावरूनच पडलेलें असतें. आपल्याकडील 'कर'कारान्त आडनांवांची गोष्ट तीच.

तथापि या चोपड्यांची एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. त्यांत वंश चालतो तो मुलग्यांचा. लेकी सासरीं गेल्या म्हणजे चोपड्यांतूनही फार करून गेल्या. पणजोबांचा माग लावणारा कधीं ना कधीं गांवापर्यंत पोहोंचतो. पणजीच्या माहेरची वाट शोधणारा बहुधा रिकाम्या हातानें परततो. ज्या बाईनें दुष्काळांत पोरें पाठीशीं बांधून वीस कोस चालत कुटुंब वांचविलें, तिचें नांवही कोठें लागूं नये, ही आपल्या वंशावळींची लाजिरवाणी बाजू आहे.

हेळवी नाहीं तेथें तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूचें नांव, गांव, बापआजांचीं नांवें व पुष्कळदां त्याची स्वतःची सही सांपडते. पणजोबांनीं गयेस जाऊन केलेली मोडी सही पाहून डोळे पुसणारीं माणसें आजही तेथें दिसतात. या वह्यांचें मोल परदेशीयांनींही ओळखलें. अमेरिकेंतील यूटा येथील वंशशास्त्रविषयक संस्थेनें १९७७ पासून हरिद्वार येथील वह्यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. आपल्या घरचा ठेवा दुसऱ्यानें जपावयास घ्यावा, यांत आनंद मानावा कीं खेद, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

यापुढचा टप्पा सरकारी कागदांचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत इनामें, वतनें व तंटे यांचे रुमाल आहेत. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें इनामदारांकडे पुरावा मागितला, तेव्हां घराघरांतून वंशावळी व कैफियती निघाल्या; वतनें बुडालीं, पण कागद राहिले. गांवोगांवचीं कुलकर्ण्यांचीं दप्तरें होतीं. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतन संपलें आणि त्यांतील पुष्कळ कागद माळ्यावर पडून वाळवीच्या स्वाधीन झाले. तहसील कचेरींत 'कोतवाल बुक' म्हणून जन्ममृत्यूची नोंदवही असते. तींत मृताचें नांव, तारीख व मृत्यूचें कारण सांपडतें. जुन्या मोजणीच्या टिपणांत विहीर, ओढा, झाड यांच्याबरोबर एखादी समाधीही कधीं कधीं दाखविलेली असते. सप्टेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं परवांच्या सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्या वेळीं हींच दप्तरें हजारों कुटुंबांनीं धुंडाळलीं. हेतु दाखल्याचा होता. परंतु दाखला शोधतां शोधतां कित्येकांस खापरपणजोबांचें नांव प्रथमच कळलें, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत काय असते हेंही कळलें.

कागद म्हणून प्रत्येक कागद खरा मानूं नये. वतनाच्या भांडणांत पुढें केलेल्या वंशवेलीस फुटलेले कांहीं फांटे रक्तानें नव्हे, तर जमिनीच्या लोभानें वाढलेले असतात. एका पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरून हिशेब करावा. शंभर वर्षांत सात पिढ्या किंवा दोनच पिढ्या बसूं लागल्या, तर कोठें तरी नांव घुसलें किंवा गळलें हें उघड आहे. दुसरी कसोटी तिथीची. घरची आठवण महिना व तिथि जपते, पण साल विसरते. कचेरीचा कागद साल जपतो. दोहोंची गांठ पडली म्हणजे मृत्यूचा दिवस निश्चित होतो, आणि दिवस निश्चित झाला म्हणजे तो पुरुष त्या वेळीं कोणत्या गांवीं होता हें पाहतां येतें.

घरगुती कागदानें किती मोठें काम होऊं शकतें याचें उदाहरण भोर प्रांतांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांत आहे. या घरानें जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व १९१६ च्या सुमारास ती अभ्यासकांपुढें ठेवली गेली. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादांत ती गाजली, हें सर्वश्रुत आहे. त्याच शकावलींत शहाजीराजांच्या अखेरीचीही तिथि सांपडते: शके १५८५, माघ शुद्ध पंचमी, इंग्रजी गणनेनें २३ जानेवारी १६६४. शिकारीच्या भरांत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला तो कर्नाटकांत, बसवापट्टणच्या बाजूस होदिगेरे येथें. तें गांव आज दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यांत आहे. १९९७ पूर्वीं तें शिमोगा जिल्ह्यांत मोडे. शिवाजीमहाराजांनीं तेथें वडिलांची छत्री उभारविली व तिच्या दिवाबत्तीची सोय लावून दिली असें बखरी सांगतात. राज्यें बदललीं, दिव्यास लावून दिलेलें उत्पन्न कोठें गेलें तें गेलें, परंतु गांवकऱ्यांनीं जागा विसरली नाहीं, आणि मराठी कागदांतील 'होदिगेरे' हें नांव वाचून महाराष्ट्रांतून जाणाऱ्यास तेथें आजही समाधीपाशीं उभें राहतां येतें. ज्यांनीं बंगळुरापासून तंजावरपर्यंत मराठ्यांच्या पायवाटा पाडल्या, त्यांची ही समाधी अगदीं साधी आहे. शोध घेत जाणाऱ्यास भव्य कांहीं दिसेल अशी अपेक्षा असेल, तर ती वाटेंतच सोडून द्यावी.

शहाजीराजांच्या धाकट्या पातीनें, म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशानें, आपल्या कुळाचा शोध दुसऱ्याच रीतीनें नोंदविला. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांनीं १८०३ सालीं बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचें चरित्र मराठींत कोरवून घेतलें. तामिळ मुलखांतील चोळांच्या देवळावर मराठी घराण्याची वंशावळ! त्यांतील आरंभींचीं नांवें इतिहासापेक्षां पुराणाशीं अधिक जवळचीं आहेत, हें खरें; परंतु राज्य हातचें चाललें असतां राजानें कुळाची नोंद दगडावर ठेवावी, यामागची निकड समजण्यासारखी आहे. १७९९ च्या तहानें तंजावरची सत्ता इंग्रजांकडे गेल्यास तेव्हां चारच वर्षें झालीं होतीं.

दुसऱ्या एका राजघराण्याची समाधी महाराष्ट्राच्याच भूमींत आहे, आणि तिचा इतिहास अलीकडचा असल्यानें अधिक हृदयास भिडतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरांत पदच्युत झाला व १८८६ च्या एप्रिलांत कुटुंबासह रत्नागिरीस आणला गेला. तीस वर्षें तो तेथेंच होता. १९१० सालीं बांधून झालेला 'थिबा राजवाडा' रत्नागिरीकरांच्या ओळखीचा आहे. १९१६ च्या डिसेंबरांत तो वारला. राणी सुपयालत हिचा आग्रह कीं, देह मंडालेस न्यावा. सरकारास भय कीं, तेथें त्यावरून लोक उठतील. या ओढाताणींत शव वाड्याच्या आवारांतच राहिलें, आणि अखेर मार्च १९१९ मध्यें राणीच्या इच्छेविरुद्ध रत्नागिरींतच त्यास थडग्यांत ठेवण्यांत आलें. त्याच वर्षीं कुटुंब ब्रह्मदेशास परतलें.

थोरली राजकन्या मात्र पुन्हां रत्नागिरीस आली. राजवाड्यावर नोकरीस असलेल्या एका मराठी गृहस्थाशीं तिचा संबंध जडला होता. त्यांची मुलगी टूटू. राजकन्या १९४७ मध्यें निवर्तली. टूटू रत्नागिरींतच वाढली, तेथेंच तिचा संसार झाला, बोली मराठी, राहणी गरिबीची. २००० सालीं ती वारली. तिकडे ब्रह्मदेशांत इतर राजकन्यांचा वंश वाढत होता. एकीकडे मराठी बोलणारीं नातवंडें-पतवंडें, दुसरीकडे ब्रह्मी बोलणारीं, आणि दोहोंच्या मध्यें समुद्र व राज्यकर्त्यांची मर्जी. २०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस थडग्याच्या दर्शनास आले. आणि १६ डिसेंबर २०१६ रोजीं, मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, ब्रह्मदेशांतील वंशज भिक्षूंसह या थडग्यापाशीं जमले व त्यांनीं धर्मविधि केला. ज्या देहास मायभूमींत जाऊं दिलें नाहीं, त्याच्याकडे शतकानंतर घरचीं माणसें स्वतःच चालत आलीं.

याच कथेचें दुसरें अंग रंगूनला आहे. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर ७ नोव्हेंबर १८६२ रोजीं तेथें कैदेंत वारला. कबरेचा मागमूस राहूं नये अशाच बेतानें इंग्रज अधिकाऱ्यानें त्याचें दफन उरकलें; भोंवतीं बांबूचें कुंपण, तें कुजेपर्यंत वरून गवत वाढेल हा हिशेब. पुढें स्मारक झालें तें अदमासानें ठरविलेल्या जागीं. खरी कबर १९९१ मध्यें खोदकाम चाललें असतां विटांच्या बांधणीवरून उघडकीस आली. रत्नागिरीच्या थडग्याशेजारीं राजाची मुलगी व नात राहिली. रंगूनच्या कबरेची जागा मात्र सव्वाशें वर्षें गवताखालीं राहिली.

राजांच्या कथा सोडून सोलापूरच्या शिवारांत आलें, तर तेथील शोधाचा शेवटचा भाग पायीं चालून करावा लागतो. हेळव्यानें गांव सांगितलें, कोतवाल बुकानें तारीख दिली, टिपणानें शेत दाखविलें. आतां तें शेत दुसऱ्याच्या मालकीचें आहे. येथें शहरी माणसाकडून हटकून चूक होते. तो नकाशा काढून उभा राहतो, आणि शेतकऱ्यास वाटतें, जमिनीवर हक्क सांगणारा कोणी भाऊबंद आला. मग बोलणें खुंटतें. "मालक, आम्हांला जमीन नको, आमच्या म्हाताऱ्याच्या पायां पडून जातों," एवढें पहिल्यानें सांगितलें तर पुष्कळ वेळां शेतकरी स्वतःच पुढें होऊन वाट दाखवितो. अशा जागा बहुधा लवकर ओळखूं येतात, कारण पिढ्यान् पिढ्या नांगर तेवढ्यापुरता वळवून घेतलेला असतो. मध्यें दगड, भोंवतीं न नांगरलेली दोन हात जमीन, एखादें बेलाचें किंवा कडुनिंबाचें झाड.

जाण्यास उत्तम दिवस वेळ अमावास्येचा. मार्गशीर्षांतील या अमावास्येस सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांतील झाडून सारीं घरें शेतावर असतात. ज्वारी कमरेएवढी वाढलेली असते, कडब्याची खोप घातलेली असते, आंबील, बाजरीचे उंडे व भज्जी यांचा नैवेद्य होतो, आणि आल्यागेल्यास जेवल्याशिवाय कोणी जाऊं देत नाहीं. शेतांतील समाधीलाही त्या दिवशीं नैवेद्य दाखविण्याची चाल कित्येक घरांत आहे, मग ती समाधी कोणाची हें त्या घरास ठाऊक असो वा नसो. शहरांतून आलेल्यानें प्रथम दगड धुवावा, विभूति लावावी, बेल वाहावा, आणि आपल्या म्हाताऱ्याचें नांव शेतकऱ्यास सांगावें. पुढच्या वर्षीं नैवेद्य दाखवितांना तो तें नांव घेतो. परत आल्यावर हेळव्यासही बोलावून जागेची खूण, शेजारचा ओढा, झाड व दगडाची दिशा चोपड्यांत लिहवून घ्यावी. आणि पणजीचें नांव कळलें असेल, तर तेंही.